डाव्या पानावरच्या सह्या

आमच्या सोसायटीने आपलं रेकॉर्ड डिजिटल करायचं ठरवलं तेव्हा मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी उत्तर दिलं असतं, आणि उत्तर कोणालाच नको होतं.

मी दिल्लीत एका सरकारी अभिलेख कार्यालयात नोकरी करते. जुन्या कागदांची मायक्रोफिल्म काढणं आणि अलीकडे स्कॅनिंग, हे आमच्या विभागाचं काम. सकाळी मयूर विहारहून मेट्रो पकडायची, तळघरातल्या खोलीत जायचं, आणि कधीकाळी कोणी लिहून ठेवलेलं पुढे कधीतरी कोणाला वाचता यावं याची सोय करायची. लोकांना हे सांगितलं की ते म्हणतात, "अच्छा, झेरॉक्स!" मी दुरुस्त करणं सोडून दिलं आहे.

या कामाची एक पद्धत आहे. ती मी बनवलेली नाही. माझ्या आधीच्या लोकांनी डोकं वापरून बनवली, म्हणून मी तिच्यात हात घालत नाही. वही कॅमेऱ्याखाली ठेवण्याआधी पानं मोजायची, क्रमांक घालायचे. पुढच्या बाजूचा फोटो, मागच्या बाजूचा फोटो. पान फाटलेलं असेल तर शेजारी तशी चिठ्ठी ठेवून फोटो. पान कोरं असलं तरी फोटो. नवा माणूस आला की पहिल्याच आठवड्यात विचारतो, कोऱ्या पानाचा फोटो कशाला? कारण पुढे कधीतरी कोणीतरी म्हणणार की इथे काहीतरी होतं आणि तुम्ही ते गाळलं. कोरं पान कोरंच होतं, एवढं तरी छातीठोक सांगता आलं पाहिजे. फिल्म धुऊन आली की एकेक चौकट वहीशी ताडून बघायची. आणि हे सगळं झाल्यावर वही परत कपाटात. वही फेकायची नाही. फिल्म म्हणजे वहीचा विमा. विमा काढला म्हणून कोणी घर पाडत नाही.

अर्थात आमच्या कार्यालयाचंही फार कौतुक सांगण्यासारखं नाही. वीज वाचते म्हणून फिल्मच्या खोलीचा एसी शनिवार-रविवार बंद ठेवतात. सोमवारी दार उघडलं की जुन्या रिळांचा व्हिनेगरसारखा आंबूस वास अंगावर येतो. तो फिल्म सडत चालल्याचा वास असतो. मी टिपणी लिहिते. टिपणी वर जाते, खाली येते. पुढच्या सोमवारी पुन्हा वास. त्यामुळे मूर्खपणा ही खाजगी क्षेत्राची मक्तेदारी आहे असा माझा मुळीच समज नाही.

आता सोसायटी. आमच्या सोसायटीत मराठी घरं चार-पाच, बाकी सगळ्या देशातली. सध्याचा सेक्रेटरी मराठी, मूळचा पुण्याचा. नोएडाच्या एका कंपनीत तो मोठ्या हुद्द्यावर आहे आणि तिथे तो 'ट्रान्सफॉर्मेशन' नावाचं काहीतरी करतो. काय करतो ते मी दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा मला तो शब्दच उत्तर म्हणून मिळाला. माझ्याहून थोडा लहान आहे, म्हणून मला ताई म्हणतो. एका संध्याकाळी गेटपाशी त्याने मला गाठलं.

"ताई, तुम्हाला तर आनंद व्हायला पाहिजे! आपण पेपरलेस होतोय."

"काम कोण करतंय?"

"व्हेंडर आहे ना, नोएडाचा. माझ्या ओळखीतलाच. वीकेंडला येणार, सगळं खल्लास."

"वह्या शिवलेल्या आहेत. शिलाई उसवणार, की उघडून वरून फोटो?"

"कसली शिलाई? अच्छा, ती. कडेने कापतात ते. मशीनला सुटं पान लागतं." मग त्याने माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत हसून म्हटलं, "यार ताई, तुम्ही फार डिटेलमध्ये जाता."

खल्लास हा शब्द त्याने अगदी नेमका वापरला होता. ते नंतर कळलं.

ज्या वह्यांबद्दल हे बोलणं चाललं होतं त्या सभांच्या इतिवृत्ताच्या होत्या. त्या लिहिण्याची रीत आमच्या पहिल्या सेक्रेटरींनी घालून दिली. ते केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर होते. सगळी नोकरी लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये काढली आणि निवृत्तीनंतर इथे आले. आता ते नाहीत. सभेत काय ठरलं ते उजव्या पानावर लिहायचं, आणि समोरचं डावं पान सह्यांसाठी मोकळं ठेवायचं, असा त्यांचा शिरस्ता. सभेला लोक उशिरा येतात, मध्येच उठून जातात. कोण कधी येईल आणि किती सह्या होतील याचा भरवसा नाही. म्हणून वही हातोहात फिरायची आणि जो तो डावीकडे सही करायचा. ठराव कोणी मांडला, अनुमोदन कोणी दिलं, हेसुद्धा ते उजवीकडे लिहीत नसत. ज्याने मांडला आणि ज्याने अनुमोदन दिलं त्यांच्या सह्यांपुढे डावीकडेच तशी खूण करत. सगळ्यांच्या सह्या झाल्या की खाली आडवी रेघ, म्हणजे मागाहून कोणी घुसायचं नाही. त्यांच्यानंतर जे सेक्रेटरी झाले त्यांनी हे तसंच चालू ठेवलं. त्यांना कारण कळलं होतं असं नाही. आधीचं पान तसं दिसत होतं, एवढंच.

व्हेंडरची माणसं आली, क्लबरूममध्ये मशीन लावून बसली आणि गेली. पुढच्या रविवारी समारंभ झाला. मी गेले होते, कारण नाही गेलं तर लोक घरी येऊन विचारतात. स्टीलच्या ताटात झेंडूची फुलं घातली होती आणि मधोमध पेन ड्राइव्ह ठेवला होता. अध्यक्षांच्या पत्नीने त्याला हळद-कुंकू वाहिलं. टोपण उघडं होतं. कुंकू नेमकं कुठे गेलं असेल हे मला बसल्या जागेवरून दिसत होतं, पण मी डिटेलमध्ये गेले नाही. टाळ्या झाल्या. रिकाम्या लोखंडी कपाटासमोर कमिटीचा फोटो निघाला आणि तो सोसायटीच्या ग्रुपवर पडला. कपाटाचे दोन्ही दरवाजे उघडून ठेवले होते, शिकार केलेल्या वाघाच्या जबड्यासारखे.

ते कपाट रिकामं का, हा प्रश्न मला रविवारीच पडायला हवा होता. तो पडला सोमवारी मेट्रोत. ग्रुपवर लिंक टाकली होती. ती उघडून मी पानं सरकवत होते. ठराव, ठराव, ठराव. 'एकमताने मंजूर.' कोणाच्या एकमताने, ते कुठेच नाही. एका पानावर तीन क्रमांक, पुढच्यावर पाच, मग सात. वहीची सगळी डावी बाजू गायब. मी उतरल्या उतरल्या फोन लावला.

"सेक्रेटरीसाहेब, डावी पानं कुठायत?"

"कुठली डावी?"

"सह्यांची."

"अच्छा, ती नाही केली. त्यावर काही नव्हतंच ताई, नुसती हाजिरी. व्हेंडरने विचारलं सिंगल साइड की डबल. कमिटीत ठरलं, सिंगल. फाइलपण छोटी होते."

"बरं. मग वह्या मला द्या. मी माझ्या फोनने बसून फोटो काढते."

"वह्या गेल्या ना."

"कुठे गेल्या?"

"कबाडीवाल्याकडे. ताई," तो लहान मुलाला समजवावं तसं म्हणाला, "पेपरलेस म्हणजे पेपर नाही."

संध्याकाळी मी परस्पर कबाडीवाल्याकडे गेले. माल केव्हाच पुढच्या गोदामात गेला होता आणि तिथून लगद्याच्या कारखान्यात. मी गोदामाचाही पत्ता घेऊन फोन केला. तिथला माणूस हसला. मला त्याचा राग आला नाही. सोसायटीने इतिवृत्ताच्या वह्या मोडीत काढायच्या नसतात हे त्याला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. कमिटीतल्या इतक्या शिकलेल्या लोकांत एकालाही ते ठाऊक नव्हतं, हे मात्र मी विसरायला तयार नाही.

तळमजल्यावर माझ्या बरोबर खाली एक वयस्कर जोडपं राहतं. काका रेल्वेत होते. काकू महापालिकेच्या रुग्णालयात सिस्टर होत्या, शेवटी शेवटी अख्खा वॉर्ड त्यांच्या हाताखाली होता. काही वर्षांपूर्वी पाठीच्या ऑपरेशननंतर काकूंचे पाय गेले. तेव्हापासून चाकाची खुर्ची. आमच्या इमारतींच्या पुढच्या दाराला पायऱ्या आहेत, आणि त्या इतक्या अरुंद की सामान घेऊन चढताना माणूस तिरका होतो. म्हणून मागच्या बाल्कनीची जाळी कापून तिथून आतल्या रस्त्यावर उतरणारा सिमेंटचा उतार करून घ्यायचा, अशी परवानगी काकांनी सर्वसाधारण सभेत मागितली. सभेने ती दिली. मी त्या सभेला होते, अनुमोदन कोणी दिलं तेही मला आठवतं. आताच्या सेक्रेटरीने. तो तेव्हा साधा सभासद होता. दर उन्हाळ्यात काकूंकडून कैरीच्या लोणच्याची बरणी घेऊन जाणारा सभासद. "हे काय विचारायचं असतं का काका!" असं म्हणून त्याने हात वर केला होता आणि सही ठोकली होती.

दिल्लीचा तळमजला जानेवारीत काय असतो हे ज्याने तिथे हिवाळा काढलाय त्यालाच कळतं. भिंती विहिरीसारख्या गार. दिवसभर हीटर लावला तरी पायाखाली बर्फ. ऊन मिळतं ते बाहेर, इमारतींमधल्या मोकळ्या जागेत. म्हणून हिवाळाभर सगळ्या बायका प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून तिथे बसतात, निवडणं-टिपणं, विणकाम, चहाड्या, सगळं तिथेच. काकूंना त्या उतारावरून काका रोज सकाळी खाली आणत आणि ऊन कलेपर्यंत त्या तिथे असत. त्यांच्या आयुष्यात घराबाहेरचं म्हणून जे काही उरलं होतं ते एवढंच.

या हिवाळ्याच्या तोंडाशी सेक्रेटरीने विजेवरची गाडी घेतली. विजेच्या गाडीला चार्जिंग पॉइंट लागतो. पॉइंटला मीटर जवळ लागतात. मीटर आहेत काकूंच्या बाल्कनीला लागून. आणि मीटरच्या समोर, जिथे एक गाडी अगदी नीट मावेल, तिथे तो उतार.

सर्वसाधारण सभेत विषय निघाला. सेक्रेटरीने प्रोजेक्टर आणला होता. भिंतीवर त्याने उताराच्या ठरावाचं पान लावलं.

"काका, हे बघा. मजकूर आहे. पण सही एकाचीही नाही. ना मांडणाऱ्याची, ना अनुमोदन देणाऱ्याची. म्हणजे लीगली हा ड्राफ्ट आहे. आणि ड्राफ्टवर बांधकाम झालं तर त्याला एन्क्रोचमेंट म्हणतात. मी नाही म्हणत, कायदा म्हणतो."

काका उठून उभे राहिले. "अरे, सही तूच केलीस! माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून केलीस. पेनसुद्धा माझंच होतं."

"असेल काका. पण ऑन रेकॉर्ड काहीच नाहीये ना."

मी म्हटलं, "रेकॉर्ड तुम्हीच विकलंत."

"ताई, पर्सनल नको प्लीज."

मी सभागृहावर नजर फिरवली. त्या डाव्या पानावर ज्यांनी सह्या केल्या होत्या त्यांतले निम्म्याहून जास्त लोक तिथे बसले होते. कोणी चष्मा पुसत होतं, कोणी फोनमध्ये काहीतरी तातडीचं शोधत होतं. त्यांना सगळं आठवत होतं. पण चार्जिंग पॉइंट एक झाला की उद्या दुसराही होईल, आणि आपलीही गाडी कधीतरी बदलायचीच आहे. तेवढ्यात समोसे आले. समोशांच्या वासात ठराव मंजूर झाला: उतार काढायचा, पॉइंट बसवायचा, आणि 'मानवतेच्या दृष्टिकोनातून' काकूंसाठी घडीची फळी मागवायची. हात वर करून मतदान. एका हातात समोसा, दुसरा वर.

मी दुसऱ्या दिवसापासून दारं वाजवायला सुरुवात केली. मागणं सोपं होतं: मी त्या सभेला हजर होतो, ठराव मंजूर झाला, मी सही केली, एवढं लिहून द्या. दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त अवर सचिव राहतात. उत्तर प्रदेशातले, अतिशय सभ्य. त्यांनी मला बसवलं, चहा दिला, तीळ-गुळाची गजक दिली.

"बिल्कुल याद है, मॅडम. मैंने ही तो कहा था, रेलिंग भी लगवा लीजिए."

"मग एवढं लिहून द्या."

त्यांनी कप खाली ठेवला. "देखिए, बोलने को मैं कहीं भी बोल दूँगा. लेकिन लिखित में मत माँगिए."

आयुष्यभर इतरांकडून लिखित मागितलेला माणूस. असं बऱ्याच दारांवर झालं. एकीने सही करायला पेन उघडलं आणि आतून नवऱ्याने हाक मारली. एकाने सांगितलं की मी नक्की करतो, पण सगळ्यांच्या शेवटी. माझ्या कागदावर माझी सही होती आणि काकांची. काकांची चालणार नव्हती, आणि माझी तर सेक्रेटरीच्या मते पर्सनल होती.

शनिवारी मी कागद घेऊन खाली गेले. काका पुण्याच्या मुलीशी फोनवर बोलत होते, तिच्याकडे एखादी खोली रिकामी आहे का ते विचारत होते. काकू पलंगावर बसून केस विंचरत होत्या.

"पुण्याला कशाला?" त्या मला म्हणाल्या. "तिच्याकडे लिफ्ट आहे, पण लिफ्टपर्यंत पायऱ्या आहेत. उद्या किती वाजता येतोय तो?"

"सकाळी. गवंडी ठरलाय."

"चांगलंय. मटार आणलेत का ग कोणी? नसतील तर आणून दे. भरपूर आण."

रविवारी धुकं लवकर विरलं. मी बाल्कनीत आले तेव्हा काकूंची खुर्ची उताराच्या बरोबर मध्यावर होती. चाकांना दोन्ही बाजूंनी विटा लावलेल्या, मांडीवर परात, शेजारी मटारची पिशवी, अंगावर काकांचा जुना ओव्हरकोट. काका बाल्कनीच्या दारात उभे. खाली उन्हात सगळ्या खुर्च्या भरलेल्या. एरवी इतक्या सकाळी इतक्या भरत नाहीत. मी कागद आणि पेन घेऊन जिना उतरले.

सेक्रेटरी आला तो ट्रॅकसूटमध्ये, मागे गवंडी, गवंड्याच्या खांद्यावर घण. गवंड्याने उतार बघितला, काकूंकडे बघितलं, घण खाली टेकवला आणि बिडी काढली. "अम्माजी को हटाइए, फिर तोडते हैं."

सेक्रेटरी काकूंपुढे उकिडवा बसला. "काकू, प्लीज. थोडा वेळ आत बसा ना."

"आत गेले तर बाहेर कशी येणार?"

"फळी येतेय ना आपली. पोर्टेबल."

"आण की मग. मी तिच्यावरून वर-खाली करून बघते. जमलं तर खुशाल तोड."

"ऑर्डर केलीय काकू."

"मग ती येईपर्यंत मटार सोलते. तू पण घे, बसलाच आहेस तर."

खुर्च्यांवरून कोणीतरी हसलं. त्याचे कान लाल झाले. तो काकांकडे वळला. "काका, तुम्ही सांगा ना यांना."

"तिलाच विचार," काका म्हणाले. "मी आयुष्यात कधी सांगितलं नाही, आता कुठून सुरू करू."

काकूंनी एक शेंग उकलली, दाणे परातीत पाडले आणि त्याच्याकडे न बघता विचारलं, "तू सही केली होतीस का नव्हतीस?"

"काकू, मी सभेत सांगितलंय. ऑन रेकॉर्ड—"

"मी रेकॉर्डला नाही विचारत. ते बिचारं केव्हाच भंगारात गेलं. तुला विचारतेय."

त्याने माझ्याकडे बघितलं. "ताईंनी शिकवून ठेवलेलं दिसतंय."

"ती काय शिकवणार मला! ती फोटो काढते. मी वॉर्ड चालवलाय, बाबा. तुझ्यासारखे नवे डॉक्टर यायचे, चार्ट बघायचे आणि म्हणायचे, सिस्टर, इथे नोंद नाही म्हणजे इंजेक्शन दिलंच नाही. मी म्हणायचे, कागदाला कशाला विचारता? पेशंट समोर पडलाय. त्याला विचारा ढुंगण दुखतंय का."

ज्यांना मराठीचा एक शब्द कळत नाही अशा शेजारच्या पंजाबी बाईंनी कोणाकडून तरी भाषांतर करून घेतलं, आणि मग हसण्याची दुसरी लाट आली. ती पहिलीपेक्षा मोठी होती. गवंड्याच्या तोंडातून बिडी पडली.

"बोल," काकू म्हणाल्या. "दुखतंय का?"

सेक्रेटरी उठून उभा राहिला. ट्रॅकसूटचे गुडघे झटकले. त्याच्या चेहऱ्यावर पश्चात्ताप वगैरे काही दिसलं नाही, आणि उगाच दिसला असं मी लिहिणार नाही. इतक्या लोकांसमोर हे लवकर संपावं, एवढंच दिसत होतं.

"केली होती."

"मोठ्याने. मला त्या बाजूने कमी ऐकू येतं."

"केली होती काकू, सही! अनुमोदन पण मीच दिलं होतं. झालं?"

मी कागद पुढे केला. त्याने तो बघितला, मला बघितलं, आणि त्याच्या लक्षात आलं असावं की आता न लिहिणं जास्त लाजिरवाणं आहे. गाडीच्या बॉनेटवर ठेवून त्याने लिहिलं. मी मजकूर वाचून एक शब्द बदलायला लावला. 'बहुधा' असा शब्द होता.

आणि मग तो देखावा. दुसऱ्या मजल्यावरचे अवर सचिव शाल लपेटून खाली आले, खिशात स्वतःचं पेन. "लाइए मॅडम, मैं तो पहले दिन से कह रहा था." त्यांच्यामागे, सगळ्यांच्या शेवटी करतो म्हणालेला तो गृहस्थ. शेवटी करायची असून तो दुसरा होता. पेन उघडून मिटलेल्या बाईही आल्या, नवऱ्यासकट. धोका संपला की धैर्याची रांग लागते. मी एकेकाला कागद देत होते आणि एकाचेही आभार मानले नाहीत. ते माझ्या लक्षात होतं आणि त्यांच्याही यावं अशी माझी इच्छा होती. दुपारी ग्रुपवर कमिटीचा संदेश पडला: 'आपली सोसायटी सर्वसमावेशक आहे. उतार कायम ठेवण्याचा कमिटीचा निर्णय.' सोबत काकूंचा फोटो, परात मांडीवर, मटार सोलताना. पाच-पन्नास अंगठे, दोन-तीन जोडलेले हात.

पण त्याआधी सकाळी अजून एक गोष्ट झाली. सह्या आटोपल्यावर गवंडी घण उचलून निघाला. दिवसाची मजुरी बुडाली म्हणून कुरकुरत होता.

"थांब रे," काकूंनी त्याला हाक मारली. "ये कोना देखो."

उताराच्या खालच्या टोकाचा एक कोपरा झडला होता. तिथे पुढचं चाक अडकायचं, आणि खुर्ची सरळ करायला काकांना दर वेळी ती मागून उचलावी लागायची. हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. माहीत करून घेण्याइतकं जवळ कोणी कधी उभंच राहिलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

"आलाच आहेस तर भरून दे. दिवसाचे पैसे हा देणार आहेच," काकूंनी सेक्रेटरीकडे बोट केलं. गवंडी म्हणाला, सिमेंट नाही, रेती नाही, तोडायला आलो होतो. काकूंनी सेक्रेटरीकडे बघितलं. तो गेला. नव्या विजेच्या गाडीच्या डिकीतून सिमेंटची पोती आणि रेतीचं पोतं घेऊन आला, आणि ते उतरवताना आतल्या गालिच्याला लागू नये म्हणून त्याने केलेली कसरत खुर्च्यांवरच्या सगळ्यांनी मन लावून पाहिली.

गवंड्याने काकूंची खुर्ची खाली रस्त्यावर आणून ठेवली आणि कोपरा भरला. एवढं आणलंच आहे म्हणून उताराच्या भेगाही भरल्या आणि वरून सगळ्यावर पातळ हात मारला. काम झाल्यावर त्याने सांगितलं की आज यावर चाक चढवायचं नाही, उद्यापर्यंत सुकू द्या.

म्हणजे काकूंना आत जाता येईना. त्यांनी दुपारचं जेवण बाहेरच उन्हात घेतलं. मटारभात माझ्याकडे झाला, कोशिंबीर कोणीतरी आणली. ऊन भिंतीवरून वर सरकलं आणि बायकांनी खुर्च्या उचलल्या, तेव्हा पुढच्या दाराच्या पायऱ्यांवरून त्यांना वर न्यायचं ठरलं. गवंडी निघून गेला होता. काका मागची मूठ धरून उभे राहिले, आणि पुढून उचलायला तरणा म्हणता येईल असा एकच माणूस तिथे होता.

सेक्रेटरीने पायऱ्यांकडे बघितलं, बहुधा पहिल्यांदाच. मग खुर्चीचे पुढचे दोन्ही दांडे धरले आणि उलटा, पाठमोरा चढू लागला. दुसऱ्या पायरीवर त्याचा खांदा भिंतीला घासला. तिसरीवर तो थांबला. श्वास फुललेला, कपाळावर घाम, आणि समोर अगदी जवळ काकूंचा चेहरा. तिथे फोन काढायला हात मोकळा नव्हता.

"थोडं थांबू का, काकू?" त्याने विचारलं.

"थांब की," काकू म्हणाल्या. "पण नीट धर."